शेवटच्या डब्यातून : १९४८ ची एक प्रचारयात्रा

अमेरिकेच्या लोहमार्गांवर एके काळी अशी शेकडो लहान स्टेशने होती, जिथे मोठी गाडी वेळापत्रकाप्रमाणे थांबत नसे. कोणी उतारू असलाच तर गार्ड इंजिनाला खूण करी, ड्रायव्हर शिटी वाजवून ती समजल्याचे कळवी आणि गाडी क्षणभर उभी राही. अशा ठिकाणांना तिकडे ‘व्हिसल-स्टॉप’ म्हणत, आणि म्हणताना आवाजात थोडी तुच्छता असे. जून १९४८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांनी फिलाडेल्फियात तक्रार केली, की राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन पश्चिमेतल्या असल्या दर स्टेशनावर काँग्रेसची, म्हणजे तिकडच्या संसदेची, बदनामी करीत हिंडत आहेत. ट्रुमन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीने हा शब्द झेलला. त्या मार्गावरच्या गावांच्या नगराध्यक्षांना तारा गेल्या : टाफ्टसाहेब तुमच्या गावाला व्हिसल-स्टॉप म्हणतात, आपले काय म्हणणे आहे? म्हणणे काय असणार! उत्तरे रागाचीच आली. त्या वर्षीच्या प्रचाराला तेव्हापासून हेच नाव चिकटले.

वाचकहो, पुढे जाण्यापूर्वी एक भेद ध्यानात घेऊ या. आपला राष्ट्रपती खासदार आणि आमदार निवडतात. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख अशी प्रमुख लढत झाली. तेव्हाही देशमुखांना ग्वाल्हेरच्या किंवा बेळगावच्या चौकात उभे राहून नागरिकांकडे मत मागण्याचे कारण नव्हते. अमेरिकेत मात्र मत देतो सामान्य माणूस. ही मते राज्यवार मोजली जातात, आणि राज्य ज्याने जिंकले त्याला बहुधा त्या राज्याची सगळी निर्वाचक मते मिळतात. १९४८ साली राज्ये ४८, निर्वाचक मते ५३१ आणि बहुमताला २६६ हवी होती. हे आकडे शेवटी उपयोगी पडणार आहेत.

तिथेही उमेदवाराने दारोदार फिरणे पूर्वी शिष्टसंमत नव्हते. एवढ्या मोठ्या पदासाठी माणसाने स्वतः तोंड उघडू नये, त्याच्या वतीने इतरांनी बोलावे, असा संकेत होता. १८९६ साली विल्यम जेनिंग्ज ब्रायन याने तो धाब्यावर बसवला आणि आगगाडीने १८ हजार मैल हिंडून सुमारे ६०० भाषणे केली. त्याचे प्रतिस्पर्धी विल्यम मॅकिन्ली ओहायोतल्या कँटन गावी आपल्या घराच्या ओसरीवर बसून राहिले. पक्षाने रेल्वेगाड्या भरभरून माणसे त्यांच्या दारी आणली. साडेसात लाख माणसे येऊन गेली असे सांगतात. ओसरी जिंकली, गाडी हरली. तरी पुढच्यांनी धडा घेतला तो हरलेल्याकडून.

आता १९४८ कडे येऊ. ट्रुमन हे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष नव्हते. एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट वारले आणि उपाध्यक्ष म्हणून हे त्या खुर्चीत आले. १९४६ मध्ये काँग्रेसची दोन्ही सभागृहे विरोधकांकडे गेली. १९४८ च्या उन्हाळ्यात त्यांचा स्वतःचा पक्ष फुटला. काळ्या नागरिकांच्या हक्कांच्या प्रश्नावर दक्षिणेतले प्रतिनिधी अधिवेशनातून उठून गेले आणि त्यांनी स्ट्रॉम थर्मंड यांना उभे केले. डावीकडे हेन्री वॉलेस वेगळी चूल मांडून बसले होतेच. समोर न्यूयॉर्कचे गव्हर्नर टॉमस ड्युई होते. तरुण, टापटिपीचे, कारभारात चोख. निकाल लागल्यातच जमा आहे असे सगळेच धरून चालले होते.

या स्थितीत काय करावे, याचे एक टिपण नोव्हेंबर १९४७ मध्येच तयार झाले होते. ते बहुतांशी जेम्स रो यांनी लिहिले आणि क्लार्क क्लिफर्ड यांनी राष्ट्राध्यक्षांपुढे ठेवले. कामगार, पश्चिमेतले शेतकरी आणि उत्तरेकडच्या शहरांतले काळे मतदार यांची मोट बांधा, काँग्रेसशी भांडण काढा, आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून देशाची पाहणी करण्याच्या निमित्ताने फिरा, हा त्याचा मथितार्थ. टिपण हुशार होते, पण त्यात एक ठळक चूक होती : दक्षिण आपलीच राहील, असे त्यात गृहीत धरले होते. थर्मंड यांनी पुढे दक्षिणेतली चार राज्ये नेली. डावपेचांचे कागद मागाहून वाचताना फार शहाणे वाटतात. त्यातले चुकलेले परिच्छेद कोणी उद्धृत करीत नाही, एवढेच.

जूनमधली पहिली फेरी सरकारी होती, निदान कागदावर. बर्कलीच्या विद्यापीठात पदवीदानाचे भाषण करायचे आणि वाटेत लोकांना भेटायचे. फजिती बरीच झाली. ओमाहा शहरात दहा हजारांच्या सभागृहात दोनेक हजार माणसे होती, आणि रिकाम्या खुर्च्यांची छायाचित्रे देशभर छापून आली. आयडाहोतल्या केरी या खेड्यात एका धावपट्टीचे नामकरण होते. देशासाठी लढताना प्राण दिलेल्या शूर मुलाच्या स्मृतीला ट्रुमन यांनी वंदन केले. तेवढ्यात समोरच्या आईने सांगितले की ती मुलगी होती, आणि ती लढाईत नव्हे तर तिथेच विमान कोसळून गेली. स्थानिक माहिती नीट नसली की काय होते, हे त्या दिवशी सर्वांना कळले. पुढच्या यशाची एक मुळी या शरमेच्या प्रसंगात आहे, असे मी मानतो.

कारण सप्टेंबरात गाडी पुन्हा निघाली तेव्हा तिच्यामागे एक छोटी कचेरी उभी होती. वॉशिंग्टनमध्ये ड्यूपाँ सर्कलजवळ विल्यम बॅट यांच्या हाताखाली मूठभर माणसे उकाड्यात बसून गावोगावची माहिती जमवीत होती. या गावात पीक कोणते, कारखाना कोणता, इथल्या काँग्रेस-सदस्याने कोणत्या विधेयकावर कसे मत दिले. आपल्यासारख्या साहित्यसंस्थेच्या वाचकांना यातली एक गोष्ट खास रुचेल. गावांची माहिती काढायला ही मंडळी जी पुस्तके उघडीत, ती महामंदीच्या काळातली होती. बेकार झालेल्या लेखकांना काम मिळावे म्हणून रूझवेल्ट सरकारने १९३५ पासून त्यांना पगार देऊन प्रत्येक राज्याची मार्गदर्शिका लिहून घेतली होती. सॉल बेलो आणि राल्फ एलिसन यांनीही तरुणपणी त्या योजनेत काम केले आहे. आपल्याकडच्या गॅझेटियरांची आठवण व्हावी, पण त्याहून जिवंत, अशी ही पुस्तके. गाव कोणी वसवले, नदीला पूर कधी आला, चौकात पुतळा कोणाचा, सगळे त्यात. उपाशी लेखकांनी लिहिलेले ते तपशील दहा वर्षांनी राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी गेले.

टिपणे विमानाने गाडीपर्यंत पोचत. गाडीत जॉर्ज एल्सी हा तरुण साहाय्यक त्यांतून दर थांब्यासाठी एकदोन पानांचा सांगाडा करी. पूर्ण भाषण मुद्दामच लिहून देत नसत. ट्रुमन यांची नजर अधू होती, जाड भिंगांच्या चष्म्यातून कागद वाचताना त्यांचा सूर सपाट होई आणि शब्द एकमेकांवर आदळत. त्याच एप्रिलमध्ये वृत्तपत्रांच्या संपादकांपुढे लेखी भाषण संपवून ते सहज बोलू लागले, आणि पेंगुळलेले सभागृह जागे झाले. तेव्हापासून मुद्दे कागदावर आणि वाक्ये त्यांची, अशी वाटणी ठरली.

गाडीचा शेवटचा डबा म्हणजे ‘फर्डिनांड मॅजेलन’. युद्धकाळात रूझवेल्टसाठी चिलखती पत्रा आणि तीन इंच जाडीच्या काचा बसवून तो सिद्ध केला होता. त्याच्या मागच्या सज्जावर ट्रुमन उभे राहत. थांबा दहा-पंधरा मिनिटांचा. गावच्या शाळेचा बँड वाजे. आदल्या स्टेशनावर डब्यात चढलेला स्थानिक उमेदवार बाजूला उभा असे. गावाबद्दल दोन वाक्ये, मग काँग्रेसने तुमचे काय नुकसान केले याची पाच मिनिटे. शेवटी, ‘माझ्या घरच्यांना भेटायचे आहे का?’ निळा पडदा सरके आणि ‘आमच्या मालकीणबाई’ म्हणून बेस ट्रुमन बाहेर येत. त्यांच्यामागून कन्या मार्गारेट, ‘मालकीणबाईंच्याही मालकीणबाई’. लोक हसत, शिटी होई, गाडी हलू लागे आणि बातमीदार आपापले डबे पकडायला धावत सुटत. दिवसात कधी कधी दहा-बारा वेळा हाच प्रयोग. बेसबाईंना या ओळखीचा कंटाळा येत असेल, तर त्यांनी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

सुमारे ३१ हजार मैल आणि साडेतीनशेच्या आसपास भाषणे, हा हिशेब सर्वत्र सापडतो. मला त्यातल्या एकाच भाषणापाशी थांबायचे आहे. १८ सप्टेंबरला आयोवातल्या डेक्सटर गावी नांगरणीच्या राष्ट्रीय स्पर्धा होत्या आणि ऐंशी-नव्वद हजार शेतकरी जमले होते. ट्रुमन यांनी तिथे धान्याच्या कोठारांचा विषय काढला. पिकाला सरकारी आधारभावाचे कर्ज मिळायचे तर धान्य मान्यताप्राप्त कोठारात ठेवावे लागे. काँग्रेसने जूनमध्ये कायदा बदलून सरकारी महामंडळाला नवी कोठारे घेण्यास मनाई केली होती. त्या वर्षी पीक उदंड आले. कोठार नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून पडेल त्या भावाने विक्री. शहरातल्या पत्रकारांना हा विषय रुक्ष वाटला असल्यास नवल नाही. पण ज्याचा मका शेतात उभा होता त्याला तो रुक्ष नव्हता. स्वतः दहा-अकरा वर्षे मिझुरीतल्या शेतावर राबलेला माणूस तो सांगत होता. ऑक्टोबरात मक्याचे भाव खरोखरच कोसळले.

गाडीतले दिवस मात्र ओढाताणीचे होते. पक्षाच्या तिजोरीत खडखडाट. पैसे न भरल्यामुळे रेडिओवरचे भाषण वेळ संपताच तोडले जाई. ओक्लाहोमा सिटीला तर गाडी पुढे न्यायलाच पैसे उरले नाहीत. तिथले गव्हर्नर रॉय टर्नर यांनी गाडीतच श्रीमंतांची बैठक भरवून रक्कम उभी केली. ‘न्यूजवीक’ने पन्नास राजकीय पत्रकारांना कौल विचारला, तेव्हा पन्नासही ड्युईंच्या बाजूचे निघाले. क्लिफर्ड यांनी एका स्टेशनावर तो अंक घेऊन कोटाखाली लपवला, पण ट्रुमन यांनी ओळखले आणि मागून घेतला. हे सगळे मला चांगले ओळखीचे आहेत, त्यांतल्या एकालाही काही कळत नाही, अशा अर्थाचे बोलून त्यांनी अंक परत केला.

ड्युईंची गाडी याच्या उलट. वेळा चोख, बातमीदारांना कॉफी, कपडे धुण्याची सोय, भाषणाची प्रत हातात. भाषणात मात्र देशाची एकजूट आणि उज्ज्वल भविष्य यापलीकडे फारसे काही नसे. जिंकलेला माणूस वादात कशाला पडेल? इलिनॉयमधल्या एका थांब्यावर त्यांची गाडी अचानक काही फूट मागे, गर्दीच्या दिशेने आली. कोणाला इजा झाली नाही. ड्युई माइकवरून म्हणाले, की असला वेडा ड्रायव्हर मला प्रथमच भेटला, याला खरे तर पहाटे गोळी घालायला हवी. रेल्वे कामगारांनी ते विसरायला नकार दिला, आणि ट्रुमन यांनी ते विसरू दिले नाही.

ट्रुमन यांचे सगळेच गोड मानून घ्यावे असे नाही. ऑक्टोबरअखेरीस शिकागोत त्यांनी रिपब्लिकनांच्या पाठीराख्यांची तुलना हिटलर-मुसोलिनीला पुढे करणाऱ्यांशी केली, ती अतिशयोक्ती होती. ड्युईंसारख्या सभ्य माणसावर तो अन्याय होता. पण दुसऱ्या बाजूला, २६ जुलैला सैन्यदलांत समान वागणुकीचा हुकूम काढून हा माणूस टेक्सासात गेला. वेको येथे एका काळ्या स्त्रीशी हस्तांदोलन केल्यावर गर्दीने त्याची हुर्यो केली, तरी पुढे २९ ऑक्टोबरला तो हार्लेममध्ये नागरी हक्कांवर बोलला. तिथे जाऊन प्रचार करणारा तो पहिलाच राष्ट्राध्यक्ष. यात मतांचा हिशेब होता हे उघड आहे. टिपणात तो लिहिलेलाच होता. पण त्याच हिशेबाने चार राज्ये गमावली, हेही मोजले पाहिजे.

२ नोव्हेंबरला मतदान झाले. ट्रुमन ३०३, ड्युई १८९, थर्मंड ३९. चाचणीवाल्यांपैकी एल्मो रोपर यांनी सप्टेंबरातच मोजणे थांबवले होते, गॅलप यांची अखेरची पाहणीही ऑक्टोबरच्या मध्यावरची. ‘शिकागो ट्रिब्यून’ने ड्युई विजयी झाल्याचा मथळा छापला, आणि तो हातात उंच धरून हसणाऱ्या ट्रुमन यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे.

एकट्या झुंजाराने देश पालथा घातला, अशी ही कथा सांगितली जाते. मला ती पुरी पटत नाही. कामगार संघटना राबल्या, मक्याचे भाव पडले, ड्युई गप्प राहिले. पण आता सुरुवातीचे आकडे पाहा. कॅलिफोर्निया सुमारे १८ हजार मतांनी आले, इलिनॉय साडेतेहतीस हजारांनी आणि ओहायो अवघ्या ७ हजारांनी. या तिघांची मिळून ७८ निर्वाचक मते होती. ती पलीकडे गेली असती तर ड्युईंची २६७ होतात.

ओहायोतून ट्रुमन यांची गाडी ११ ऑक्टोबरला गेली. पन्नास पत्रकारांच्या कौलाच्या त्या अंकावरही हीच तारीख होती. सिनसिनाटी, हॅमिल्टन, डेटन, सिडनी, लिमा, ऑटवा, डेशलर अशी थांबत थांबत ती रात्री अ‍ॅक्रनला पोचली. त्याच डेटन-सिडनी-लिमा-ऑटवा-डेशलर मार्गावरून १२ ऑक्टोबर १९८४ रोजी आणखी एक राष्ट्राध्यक्ष फिरला. त्यासाठी संग्रहालयातला ‘फर्डिनांड मॅजेलन’ डबा मुद्दाम बाहेर काढला होता. मागच्या सज्जावर उभे होते रिपब्लिकन पक्षाचे रोनाल्ड रेगन. १९४८ च्या ऑक्टोबरात हेच रेगन, तेव्हा चित्रपटातले नट आणि डेमोक्रॅट, रेडिओवरून ट्रुमन यांच्यासाठी मते मागत होते.