हरिपुऱ्याची मिरवणूक आणि वाइड अँगल लेन्स

लेन्स बदलता येणारा लायका कॅमेरा १९३० मध्ये बाजारात आला आणि १९३२ मध्ये त्याला लेन्सशी जोडलेला, अंतर मोजणारा रेंजफाइंडर मिळाला. त्याच वर्षी झाइसचा काँटॅक्सही निघाला. छोट्या कॅमेऱ्याला वाइड अँगल लेन्स कोणती लावावी, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. त्याची खरी कसोटी लागते ती गर्दीत.

फेब्रुवारी १९३८ मध्ये बारडोली तालुक्यातील हरिपुऱ्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खानदेशातील फैजपूरनंतर खेड्यात भरलेले हे दुसरेच. तापीकाठी विठ्ठलनगर वसले, नंदलाल बोस यांची चित्रे मांडवांत लागली आणि अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांची मिरवणूक ५१ बैलांच्या रथातून निघाली. असे दृश्य एका चौकटीत घ्यायचे तर छायाचित्रकाराला मागे सरकावे लागते आणि मिरवणुकीत नेमकी त्यालाच जागा नसते.

पाच मीटरवर उभे राहून आडवा फोटो काढला, तर ५० मि.मी. लेन्समध्ये सुमारे ३.६ मीटर रुंदीचे दृश्य मावते, ३५ मि.मी. मध्ये ५.१ आणि २८ मि.मी. मध्ये ६.४ मीटर. रथासोबत दोन्ही बाजूंची माणसे हवी असतील तर हा फरक लहान नाही.

१९३८ मध्ये मिळू शकणाऱ्या रुंद लेन्स मोजक्याच होत्या. लायकासाठी ३५ मि.मी. ची एल्मार (एफ ३.५) आणि १९३५ पासून २८ मि.मी. ची हेक्टर (एफ ६.३). काँटॅक्ससाठी २८ मि.मी. ची टेसार (एफ ८) आणि लुडविग बेर्टेले यांनी रचलेली ३५ मि.मी. ची बायोगॉन (एफ २.८). कोन जितका रुंद तितका प्रकाश कमी, असा तेव्हाचा व्यवहार होता. त्या काळची फिल्म मंद असल्याने हेक्टर किंवा टेसार उन्हातच कामाची. मांडवाच्या सावलीत बायोगॉन सर्वांत सरस ठरावी.

फोकसचे गणित मात्र रुंद कोनाच्या बाजूने होते. एफ ८ वर २८ मि.मी. लेन्स साधारण तीन मीटरवर लावून ठेवली की दीड मीटरपासून अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. ५० मि.मी. ला तेवढ्याच छिद्रावर सुमारे पाच मीटरच्या अलीकडचे सोडून द्यावे लागते. म्हणूनच २८ मि.मी. ची टेसार रेंजफाइंडरशी जोडलेलीच नव्हती. अंतर आकड्यांवर लावायचे. अडचण होती ती चौकट पाहण्याची. कॅमेऱ्याची खिडकी ५० मि.मी. साठी बेतलेली, त्यामुळे वरच्या पट्टीवर वेगळा व्ह्यूफाइंडर चढवावा लागे. जवळच्या माणसाचे डोके त्यात नीट दिसे, पण फोटोत किंचित कापले जाई, कारण डोळा आणि लेन्स एका रेषेत नसत.

भारतातील अनेक नामवंत छायाचित्रकारांनी तेव्हा दुसरीच वाट धरली. बारडोलीजवळच्या नवसारीत जन्मलेल्या होमाई व्यारावाला आणि गांधीजींचे छायाचित्रकार कनू गांधी यांच्या हाती रोलीफ्लेक्स होता. त्याची लेन्स बदलत नाही. रुंदी हवी तर पावले मागे टाकायची. १९४७-४८ मध्ये भारतात आलेले आंरी कार्तिए-ब्रेसाँ लायका वापरत, पण बहुतेक काम ५० मि.मी. वरच करत.

चौकटीची अडचण १९५७-५८ च्या लायका एम-२ ने बरीचशी सोडवली. १९५४ च्या एम-३ मध्ये ५० मि.मी. ही सर्वांत रुंद चौकट होती. एम-२ च्या खिडकीतच ३५ मि.मी. ची चौकट आली आणि ती जवळच्या अंतरावर आपोआप सरकूही लागली. बातमीदारीत ३५ मि.मी. रुळली त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे. २१ मि.मी. ला मात्र वेगळा व्ह्यूफाइंडर लागतच राहिला.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नसल्याने लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते. बायोगॉनसारख्या रचना त्यामुळेच शक्य झाल्या आणि सरळ रेषा सरळ राहिल्या. डिजिटल सेन्सरला मात्र कोपऱ्यांत तिरपे येणारे किरण मानवत नाहीत, कडांना रंगाची झाक येते. म्हणून जुनी रुंद लेन्स डिजिटल कॅमेऱ्यासाठी घेताना तिची मागची काच किती आत शिरते, हे आधी पाहावे लागते.