कारभाऱ्यांची एकजूट

शिंप्याच्या दुकानांत सबंध सदरा बहुधा एकच हात शिवतो. कपड्यांच्या कारखान्यांत तसें नसतें. तेथें एकजण बाह्या जोडतो, दुसरा काजें करतो, तिसरा गुंड्या लावतो. आणि एका ठिकाणीं काम अडलें कीं पुढची सारी रांग खोळंबते. म्हणूनच या धंद्यांत विक्री, बेतणी, शिवण आणि हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचें एकमेकांशीं पटत नसेल, तर त्याचा भुर्दंड शेवटीं यंत्रावर बसलेल्या कामकरणीला पडतो. अमेरिकेंतील वेल्डन कंपनीचा इतिहास या गोष्टीची साक्ष देतो.

वेल्डन आणि हारवुड या दोन्ही कंपन्या रात्रीं निजतांना घालावयाचे पायजमे शिवीत, व एकमेकींशीं स्पर्धा करीत. हारवुडचा कारखाना व्हर्जिनियांतील मॅरियन गांवीं होता आणि तिचे प्रमुख आल्फ्रेड मॅरो हे स्वतः मानसशास्त्राचे पंडित होते. १९३३ सालीं जर्मनी सोडून अमेरिकेंत आलेले विख्यात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांना त्यांनीं १९३९ पासून आपल्या कारखान्याचीं दारें उघडीं करून दिलीं. कामाची रीत बदलावयाची असेल तर तें काम करणाऱ्यांना आधीं विचारांत घ्यावें, हा तेथील प्रयोगांचा निष्कर्ष १९४८ सालीं प्रसिद्ध झाला.

१९६२ सालीं हारवुडनें वेल्डन कंपनी विकत घेतली. त्या वर्षीं वेल्डनला भांडवलावर शेंकडा १५ तोटा होता. रोज शंभरांतील सहा कामगार गैरहजर असत आणि दरमहा दहा नोकरी सोडून जात. कंपनीच्या दोघां मालकांपैकीं एक उत्पादन पाही, दुसरा विक्री. परंतु दोघांचा मेळ नव्हता, आणि अधिकार हाताखालच्यांस देण्याची त्यांची तयारीहि नव्हती. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी मधल्या अधिकाऱ्यांची गत झाली होती.

जुन्या अधिकाऱ्यांना काढून नवे नेमणें हा सोपा मार्ग होता. हारवुडनें तो टाळला. याच अधिकाऱ्यांना गटागटानें एकत्र बसविण्यांत आलें. वरिष्ठांपासून आरंभ करून हा क्रम देखरेख करणाऱ्यांपर्यंत गेला. मनांत सांचलेल्या तक्रारी त्यांनीं समोरासमोर बोलून दाखवाव्या आणि मग कामाचे प्रश्न मिळून सोडवावे, असा हेतु होता. त्याच वेळीं इंजिनियरांनीं कामाची मांडणी सुधारली, व मागें पडणाऱ्या कामकरणींना एकेकीस शिकविण्यांत आलें.

१९६४ सालीं शेंकडा १५ तोट्याच्या जागीं शेंकडा १७ नफा दिसूं लागला. गैरहजेरी सहावरून तिनावर, नोकरी सोडणाऱ्यांचें प्रमाण दहावरून चारावर आलें. नगावर मजुरी घेणाऱ्यांची कमाई सुमारें शेंकडा ३० नीं वाढली.

याचें श्रेय अधिकाऱ्यांच्या एकजुटीला किती? मिशिगन विद्यापीठाचे संशोधक बाॅवर्स आणि सीशोर यांनीं हा हिशेब मांडून पाहिला. या तिसांपैकीं सुमारें अकरा गुण कामकरणींच्या व्यक्तिगत शिक्षणाचे होते. अधिकाऱ्यांच्या परस्परसंबंधांच्या शिक्षणाचे पांचच. आणखी पांच तर कमी कमाई करणाऱ्यांना कामावरून दूर केल्यामुळें आलेले, म्हणजे या यशाची किंमतहि कांहींजणींनीं मोजली होती.

पांच हा आंकडा लहान दिसतो. परंतु शिकविणाऱ्याला कारखान्यांत मोकळेपणीं वावरूं देणें, इंजिनियरानें सुचविलेला बदल मनापासून अंमलांत आणणें, हें त्याच अधिकाऱ्यांच्या हातीं होतें. ते आपसांत भांडत राहिले असते तर बाकीचे गुण कोठून येते? १९६९ सालीं त्याच संशोधकांनीं वेल्डनची पुन्हा पाहणी केली, तेव्हां ही सुधारणा टिकून असल्याचें आढळलें. पायजम्याची शिवण उसवली तर ती लगेच दिसते. कारभाऱ्यांच्या मनांची शिवण उसवली तर ती वर्षअखेरच्या ताळेबंदांत दिसते, आणि तोंवर बराच उशीर झालेला असतो.