ढग, डोंगर आणि इब्न अल-हैसम

पावसाळ्यात देहूरोडहून घोरावडेश्वराच्या डोंगराकडे पाहिले की ढग कधी कधी त्याच्या माथ्याखाली उतरलेले दिसतात. तोच ढग मोकळ्या माळावर असता, तर आपण त्याला कितीतरी दूर मानले असते. डोळा तोच, ढगही तसाच. मग अंतर का बदलते? सुमारे एक हजार वर्षांपूर्वी एका अरब विद्वानाने नेमका याच दाखल्याचा विचार केला होता.

अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम यांचा जन्म इ.स. 965 च्या सुमारास बसऱ्याचा. पुढे ते कैरोत राहिले व 1040 च्या सुमारास वारले. ‘किताब अल-मनाझिर’ हा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ. डोळ्यातून किरण निघून वस्तूला भिडतात, असे युक्लिड व टॉलेमी मानत. इब्न अल-हैसम म्हणाले, सूर्याकडे टक लावली तर डोळा दुखतो. अर्थात प्रकाश बाहेरून आत येतो.

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. निव्वळ डोळ्याला प्रकाश आणि रंग कळतात; अंतर, आकारमान, ओळख हे सारे मन पूर्वानुभवाशी ताडून ठरवते, आणि इतक्या झटपट की आपण निवाडा केला हे आपल्यालाही कळत नाही. सपाट प्रदेशात ढगापर्यंतचे अंतर मोजायला मध्ये काहीच नसते, म्हणून अंदाज चुकतो. डोंगर असला की तो सुधारतो. ग्रंथाचा तिसरा खंड तर दृष्टीच्या चुकांनाच वाहिलेला आहे.

हा ग्रंथ 1200 च्या आसपास लॅटिनमध्ये गेला आणि 1572 साली बाझेलला छापला गेला. संवेदनेचे स्थान डोळ्यातील भिंग, हे इब्न अल-हैसम यांचे मत मात्र टिकले नाही. प्रतिमा नेत्रपटलावर उमटते, हे केप्लरने 1604 साली मांडले. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झने मनाच्या त्या झटपट निवाड्याला ‘अजाण अनुमान’ म्हटले. 1879 साली वुंटने लाइपझिगला प्रयोगशाळा काढली. 1916 साली कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग आला आणि 1950 साली पुणे विद्यापीठात.

आता प्रश्न आपला आहे. जलशांतून, वाझांतून आपण इब्न अल-हैसम यांचे नाव अभिमानाने घेतो. पण ज्यांनी टॉलेमीचे म्हणणे पडताळल्याशिवाय स्वीकारले नाही, त्यांचा वारसा केवळ नाव घेतल्याने कसा चालेल? त्यांचे मत जेथे चुकले तेही आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. इल्मची इज्जत त्यात कमी होत नाही.

देहूरोडहून लोकलने खडकी, शिवाजीनगर गाठता येते आणि तेथून गणेशखिंडीचे विद्यापीठ दूर नाही. अलाहाबाद विद्यापीठात 2002 पासून बोधविज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे. मानसशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकी, संगणक यांपैकी कोणत्याही वाटेने या विषयाकडे जाता येते. पण पदवी झाली की मुलाला नोकरी आणि मुलीला निकाह, एवढेच आपण ठरवून ठेवतो. दृष्टी आणि बोध हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकणारी मुले-मुली आपल्या मोहल्ल्यांतून निघावीत असे वाटत असेल, तर घरातल्यांनी त्यांना आणखी दोन वर्षे द्यायला हवीत. बसऱ्याच्या त्या विद्वानाशी आपले नाते सांगायचे, तर ते असे सांगावे.