नवी मोटार आणि वापरलेली मोटार : एका निवडीचा इतिहास

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. भिंगारकरांना तशा इतिहासाची उणीव नाही. १४९० साली मलिक अहमदाने बहामनी फौजेचा पराभव केला तो ह्याच परिसरात, आणि त्यानंतर येथे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, शहर वसले. परंतु सामान्य माणसाच्या रोजच्या गरजांनाही इतिहास असतो. तो शिलालेखांत सापडत नाही. तो पावत्यांत, हप्त्यांच्या पुस्तकांत आणि गॅरेजच्या तेलकट वह्यांत सापडतो. आज आम्ही ह्या दुसऱ्या प्रकारच्या इतिहासातले एक प्रकरण उलगडणार आहोत. प्रश्न साधा आहे. रोजच्या जाण्यायेण्यासाठी मोटार घ्यायची, तर ती कोरी घ्यावी की वापरलेली?

हा प्रश्न घराघरांत निघतो, आणि बहुधा आवडीनिवडीचा किंवा ऐपतीचा समजला जातो. आमचे म्हणणे असे की, ह्या निवडीत आवडीचा वाटा फार थोडा आहे. गेल्या पाऊणशे वर्षांत ही निवड दोन गोष्टींनी ठरवली. कोरी गाडी कोणाला आणि कोणत्या अटीवर मिळते, ही पहिली; जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा भार कोण वाहतो, ही दुसरी. हे दोन धागे हाती धरले म्हणजे आजचा निर्णयही सोपा होतो.

यंत्रवाहनांशी भिंगारचा संबंध छावणीमुळे जडला. १९२४ साली येथे रॉयल टँक कोअरची शाळा आली. १९४८ मध्ये चिलखती दलाचे केंद्र व शाळा येथे उभी राहिली. लष्करी वाहनांची तपासणी करणारी जी संस्था पूर्वी रावळपिंडीजवळ चकलाल्याला होती, ती फाळणीच्या वेळी नगरला आली. तिचेच पुढे वाहन संशोधन व विकास संस्थेत रूपांतर झाले. आजही तिच्या चाचणीमार्गावर नवीनवी वाहने पारखली जातात. देशाची कोरी वाहने जेथे तपासली जातात, त्याच्या शेजारच्या गावात बहुसंख्य माणसे वापरलेल्या गाडीवर आपला संसार वाहतात, ही विसंगती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा लष्कराजवळ हजारो जीपा आणि लॉऱ्या शिल्लक होत्या. सरकारने त्या विक्रीस काढल्या आणि देशभर त्या व्यापारी, ठेकेदार, बागाईतदार व खाजगी वाहतूकदारांच्या हाती गेल्या. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पुष्कळ गावांना मोटार भेटली ती अशी, दुसऱ्याने वापरून टाकलेली. ती चालू ठेवणारा माणूसही लष्करानेच घडवला होता. यंत्रदुरुस्तीसाठी १९४३ साली स्वतंत्र दल निघाले आणि त्यात शेतकऱ्यांची, कारागिरांची मुले इंजिन उघडण्यास शिकली. निवृत्तीनंतर अशा माणसाने गावात गॅरेज घालावे, ही छावणीच्या गावांतली नित्याची गोष्ट. ज्या गावात चांगला मिस्त्री, त्या गावात जुनी गाडी परवडते. हा नियम तेव्हापासूनचा आहे.

त्याच सुमारास सार्वजनिक वाहतुकीने मात्र दुसरा मार्ग धरला. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहून नगरला आली; ती बेडफर्ड बनावटीची होती आणि तिचा सांगाडा लाकडी होता. खाजगी मोटारवाल्यांच्या लहरीवर चालणारा प्रवास सरकारने हाती घेतला, आणि त्याबरोबर गाडीची निगा राखण्यासाठी आगार, कार्यशाळा आणि पगारी कामगार उभे केले. बस जुनी झाली तरी तिच्या मागे कार्यशाळा असते. खाजगी माणसाच्या जुन्या गाडीमागे फक्त त्याचा खिसा असतो. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

आता कोऱ्या मोटारीची कथा पाहू. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. पुढे १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्स आणि १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर सरकारने तयार गाड्यांची आयात बंद केली, आणि नुसत्या जोडणीऐवजी येथेच उत्पादन करण्याची अट घातली. परदेशी जोडणीवाले १९५४ च्या सुमारास निघून गेले. धोरणाचा हेतू योग्य होता. आपल्या देशात यंत्रे व्हावीत आणि आपल्या कामगाराला कौशल्य यावे, ह्यात वावगे काय? कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याहून अँबॅसेडर निघू लागली, आणि त्या बनवताना एक संबंध पिढी कारागीर झाली.

परंतु उत्पादन परवान्याने बांधलेले होते आणि मागणी वाढत होती. परिणामी रांग लागली. १९५९ साली मोटारींच्या वाटपावर नियंत्रणाचा हुकूम निघाला, १९६९ मध्ये किमतीही सरकारने बांधून दिल्या. पैसे भरून नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, अशी स्थिती झाली. मग एक चमत्कारिक गोष्ट घडली: वापरलेली फियाट कोऱ्या फियाटच्या बांधलेल्या किमतीपेक्षा महाग विकली जाऊ लागली. वस्तू वापराने झिजते आणि तिची किंमत उतरते, हा बाजाराचा साधा नियम येथे उलटा झाला. गिऱ्हाईक जादा पैसे मोजत होते ते रांग चुकवण्यासाठी. लोखंड तेच होते. ज्याची ओळख होती, ज्याचा कोटा होता, त्याला कोरी गाडी सरकारी किमतीत मिळे. ज्याला ओळख नव्हती त्याने अधिक पैसे देऊन जुनी घ्यावी. म्हणजे जास्त किंमत मोजण्याची वेळ वशिला नसलेल्यावर आली!

कामगाराच्या वाट्याला तर मोटार आलीच नाही. त्याच्यासाठी हा प्रश्न स्कूटरच्या रूपाने आला, आणि स्कूटरलाही तशीच रांग होती. आपल्या नगर जिल्ह्याचा ह्यातला वाटा अभिमानास्पद आहे. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना बाजारात आली. ह्या कंपनीचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावर उभा राहिला. शाळामास्तर, कारकून, फिटर अशा माणसांना कोरे वाहन घेता येईल अशी ही पहिली संधी होती. लूनेने एक गोष्ट सिद्ध केली. कोरे वाहन ही चैन नाही. ते साधे आणि पुरेशा संख्येने बनवले तर पगारी माणसाच्या आवाक्यात येते.

मोटारीच्या बाबतीत हे घडायला आणखी दशक लागले. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली गाडी दिल्लीत गिऱ्हाइकाच्या हाती दिली गेली. तिची किंमत पन्नास हजारांच्या आत होती, आणि दहा दहा हजार रुपये भरून लाखाहून अधिक लोकांनी आधीच नाव नोंदवले होते. १९९३ मध्ये मोटार उद्योगावरील परवान्याचे बंधन गेले आणि रांग हळूहळू नाहीशी झाली. रांग मोडताच जुन्या गाडीची किंमत आपल्या मूळ जागी, म्हणजे कोऱ्या गाडीच्या खाली, आली.

परंतु रांगेची जागा रिकामी राहिली नाही. तेथे हप्ता येऊन बसला. पूर्वी गाडीसाठी आधी वाट पाहावी लागे. आता गाडी आज मिळते आणि पाच-सात वर्षे मागाहून फेडावी लागतात. कामगार चळवळीत काम करणाऱ्या आम्हाला ह्या बदलाची एक बाजू जवळून दिसते. ज्याच्या पगारातून दरमहा बारा हजार रुपये गाडीपायी कापले जातात, तो सभासद संपाच्या ठरावाला हात वर करण्यापूर्वी दोनदा विचार करतो. त्याला आम्ही दोष देत नाही. पण मोटार घेताना माणूस आपल्या स्वातंत्र्याचा काही भाग गहाण टाकतो, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

म्हणून थोडा हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावे. समजा, कोरी गाडी सात लाखांची. एक लाख रोख, सहा लाख कर्ज, व्याज दर साल नऊ टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता सुमारे १२,४५० रुपये, एकूण व्याज सुमारे १ लाख ४७ हजार. विम्याच्या कोष्टकात पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात; म्हणजे साडेतीन लाख झिजले. दोन्ही मिळून ४ लाख ९७ हजार. भिंगारहून नागापूरच्या कारखान्यात जाऊन येणाऱ्याची गाडी रोज पंचवीस किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस चालली, तर पाच वर्षांत ३७,५०० किलोमीटर होतात. पेट्रोल घालण्याआधीच दर किलोमीटरला सव्वातेरा रुपये पडले.

आता तीच गाडी पाच वर्षे वापरलेली, साडेतीन लाखांना घेतली. एक लाख रोख, अडीच लाख कर्ज. जुन्या गाडीला व्याज चढे असते. चौदा टक्के आणि तीन वर्षे धरू. व्याज सुमारे साडेसत्तावन हजार. पाच वर्षांनी ती सव्वा लाखाला गेली तर झीज सव्वादोन लाख. वर्षाला वीस हजार जादा दुरुस्ती, म्हणजे एक लाख. एकूण ३ लाख ८२ हजारांवर. किलोमीटरला सव्वादहा रुपये. किंमत निम्मी, पण खर्च निम्मा नाही! पाच वर्षांत बचत होते ती सव्वा लाखाच्या आत, आणि एकदा इंजिन उघडावे लागले तर तिच्यातलीही मोठी रक्कम जाते. जुन्या गाडीचा खरा फायदा वेगळा आहे: कर्ज लहान असते आणि तीन वर्षांत फिटते. ह्याउलट सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर जाऊन येणाऱ्याचे गणित निराळे. त्याची कोऱ्या गाडीची झीज जास्त किलोमीटरांवर वाटली जाते, आणि जुनी गाडी वाटेत बंद पडली तर त्याची हजेरी बुडते. त्याला कोरी गाडी घेण्यास आधार आहे.

किमतीइतकेच महत्त्व कागदाला आहे. आमच्याकडे सभासद तक्रार घेऊन येतात त्यांत हाच प्रकार फार. गाडी विकली, टीटी फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले, आणि नाव मात्र बदलले नाही. पुढे ती गाडी तिसऱ्या-चौथ्या हाती गेली आणि अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले की, नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याच राज्यातील विक्री विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायची असते. घेणाऱ्याने बँकेचा बोजा उतरला की नाही ते पाहावे, चासी व इंजिनाचे नंबर आरसी बुकाशी ताडावे, आणि गाडी पंधरा वर्षांच्या किती जवळ आली ते मोजावे. मोटारीची नोंदणी पुढे चालू ठेवण्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाले आहे; शिवाय राज्याचा पर्यावरण कर निराळा.

आणि शेवटी मिस्त्री. हा सारा इतिहास त्याच्या खांद्यावर चालला आहे. मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कारखाना बंद पडल्यानंतरही रस्त्यावर राहिली, आणि शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे निवृत्त झाली. तोवर तिला गॅरेजवाल्यांनीच जगवले. पण ज्या गॅरेजात दहापेक्षा कमी माणसे राबतात, तेथे कामगार राज्य विम्याची सक्ती पोचत नाही. फंड नाही, निवृत्तिवेतन नाही. शिवाय नव्या गाड्यांत संगणकाचे भाग आले आहेत, आणि त्यांतला बिघाड वाचण्याची साधने व माहिती बहुतेक कंपनीच्या केंद्रापाशीच असते. दुरुस्तीचा हक्क ठरवण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली, त्यात मोटारीही होत्या. ही माहिती खुली झाली नाही, तर आज कोरी घेतलेली गाडी उद्या जुनी झाल्यावर गावातल्या मिस्त्रीला उघडता येणार नाही, आणि वापरलेली गाडी घेणाऱ्याला पुन्हा एका खिडकीपुढे उभे राहावे लागेल. रांगेचेच ते नवे रूप होय.

सारांश असा. रोजचे अंतर थोडे, ओळखीचा मिस्त्री जवळ आणि कागद आपल्या नावावर होणारे, तर वापरलेली गाडी घेण्यात कमीपणा नाही. अंतर लांब आणि हप्ता पगाराला पेलणारा, तर कोरी घ्यावी. दोन्ही बाबतीत गाडी घेण्यापूर्वी मिस्त्रीला दाखवावी, त्याचा तपासणीचा मोबदला न कुरकुरता द्यावा, आणि शेजाऱ्याच्या दारातल्या गाडीकडे न पाहता आपल्या वहीकडे पाहावे. ती वही उघडण्यास आजची संध्याकाळ पुरेशी आहे.