नागझिऱ्याच्या रानात समुद्र येतो

डोळे मिटू नका, पायाखाली बघा. सागाची वाळकी पानं पापडासारखी मोडतायत आणि त्या आवाजाने समोरच्या गव्याने मान वर केलीय. थांबा, तो जाईल. तुमची गाडी, फोन, घड्याळ तीनशे वर्षं पुढे राहिलं. जेठ संपत आलाय, घाम मानेवरून पाठीत उतरतोय. नागझिऱ्याचा झरा मात्र याही उन्हात वाहतोय. ओंजळीने पोटभर पिऊन घ्या. दक्षिणेला नवेगावपर्यंत चालायचंय आणि वाट लांबची आहे.

आधी वास येतो, शेणाचा, धुळीचा, घामेजलेल्या बैलांचा. मग घंटांचा कल्लोळ. बंजाऱ्यांचा तांडा! बाजूला व्हा, शिंग लागेल. बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांत मीठ आहे, किनाऱ्यावरून मजल दरमजल आणलेलं. सांडलेला एक खडा उचला, जिभेवर ठेवा. बंगालचा उपसागर इथून पाचशे किलोमीटरहून दूर आहे, अरबी समुद्र सातशेहून. या मुलखात बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही, पण त्यांच्या पेजेत तो रोज असतो.

नवेगावला पोचलात की कान भरून जातात. डोंगरांच्या मधली खिंड बुजवायचं काम चालू आहे. बायाबापड्यांची रांग टोपल्यांतून माती वाहतेय, कोणी दगड रेटतोय, कोणी ओरडतोय, लेकरं झाडाखाली रडतायत. हा कोलू पाटील कोहळी यांचा बांध. पुढे लोक त्यांना कोलासूर देव म्हणून पुजतील, भोवतालच्याच एका डोंगरावर त्यांचं ठाणं होईल. आज माती वाहायला माणसं कमी पडतायत.

"कोन गावचे जी तुमी?" एक म्हातारी विचारते. उत्तराची वाट न बघता ती तुमच्या डोक्यावर टोपलं ठेवते. "चला, पानी येऊन राह्यलं."

तिला कसं कळलं? वर ऐका, पियू, पियू. चातक आलाय. काळा-पांढरा, तुऱ्याचा हा पक्षी आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून नैऋत्य वाऱ्यांबरोबर येतो. हे वारे हिंदी महासागराचेच. या महासागराची उत्तर बाजू आशियाच्या जमिनीने अडवलेली आहे. उन्हाळ्यात ती जमीन तापते, विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचा वारा ओढला जातो आणि पृथ्वीच्या फिरण्याने वळून आपल्याकडे येतो. हिवाळ्यात तोच उलटा फिरतो. इतक्या ठळकपणे वाऱ्याची दिशा पालटणारा दुसरा महासागर नाही.

दुपारी सगळं थांबतं, पानसुद्धा हलत नाही. मग पूर्वेकडून अंधार. पहिले थेंब तापल्या मातीवर आपटतात आणि असा वास उठतो की नाकच नव्हे, घसासुद्धा भरून जावा. आडोशाला पळू नका, तिकडे कोणीच पळत नाहीये. सगळे बांधाच्या पाळीकडे धावतायत, कारण कच्ची माती आत्ता तुडवली नाही तर वाहून जाईल. तुम्हीही तुडवा. चिखल पोटऱ्यांपर्यंत चढतो, शेजारची बाई हसत तुमचा दंड धरते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की तो बऱ्याचदा असाच पूर्वेकडून चालत येतो. वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. तो अडवला नाही तर वैनगंगेत, तिथून प्राणहितेत, गोदावरीत आणि परत समुद्रात. समुद्राचं हे येणंजाणं ओळखून या माणसांनी त्याच्या वाटेत माती टाकली. मला यापेक्षा मोठं शहाणपण ठाऊक नाही.

आता काही वर्षं पुढे या, धानाचा रोवणा होऊन गेलाय, आश्विन लागलाय. पाळीपलीकडे पाणी नजर पोचेल तिथवर. बांध्यांतलं धान पोटरीत आलंय, त्याचा गोडसर दुधाळ वास सुटलाय. आणि डोक्यावर पिवळसर चतुरांचे थवे! हा कीटक साध्या डबक्यात वाढतो आणि वारा फिरला की त्याच्यावर स्वार होऊन मालदीववरून थेट पूर्व आफ्रिका गाठतो, असं 2009 साली अभ्यासक चार्ल्स अँडरसन यांनी मांडलं. परततात त्या त्याच्या पुढच्या पिढ्या.

पण वर बघत उभे राहू नका. शेतं तहानलीत, तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडायला एकजण पाण्यात उतरलाय आणि पाटाच्या तोंडाशी फावडं घेऊन तुमचीच पाळी आहे.