कोकोबोलो : पेनासाठी छिद्रण

मध्य अमेरिकेतील डाल्बर्जिया रेटुसा या वृक्षाचे जड, तेलकट लाकूड. आपल्या शिसवीचे सगोत्र. लेथवर पेन कातण्यापूर्वी ठोकळ्यात पितळी नळीसाठी आरपार भोक पाडतात. स्लिमलाइन या सडपातळ प्रकारच्या पेनाला साधारण ७ मिमी व्यासाचे. खरी कसोटी उष्णतेची. घर्षणाने लाकडातली राळ मऊ होऊन भुसा ड्रिलच्या खाचांत घट्ट बसतो, ड्रिल तापते आणि लाकूड तडकते. म्हणून ड्रिल धारदार हवे, गती बेताची, आणि थोडे आत गेले की ते बाहेर काढून खाचा साफ कराव्यात. इथली घाई सुंदर ठोकळा वाया घालवते. पलीकडचे तोंड फुटू नये म्हणून ठोकळा लांब ठेवून नंतर छाटतात. नळी चिकटवण्याआधी भोक ॲसिटोनने पुसतात, नाहीतर तेलामुळे गोंद धरत नाही. भुसा त्वचेला व श्वसनाला बाधू शकतो, मास्क हवाच.