पाच बोटांवरचा पेला

सन 1571. शुक्रवारची दुपार कलली आहे आणि तुम्ही गालीलच्या डोंगरातल्या त्सफात गावाचा चढ चढत आहात. राज्य ऑटोमन सुलतानाचं. 1492 साली स्पेनमधून हाकललेल्या यहुद्यांचे वंशज इथे लोकरी कापड विणून पोट भरतात. आज माग लवकर थांबले आहेत.

पांढऱ्या वस्त्रांतली माणसं शेताकडे निघाली आहेत, तुम्हीही चला. पुढे यहुदी गूढविद्येचे गुरू आयझॅक लुरिया आहेत, अजून चाळिशीही न गाठलेले. सगळे मावळतीकडे तोंड करून उभे राहतात. शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, ही वधू, आणि वधूला आणायला वेशीबाहेर जायचं असतं.

आता परतून घरात या. दिवे आधीच लागलेत. मेजावर 12 पाव आहेत. जेरुसलेमच्या मंदिरात तेवढ्याच भाकरी मांडत. रोमनांनी 70 साली मंदिर जाळलं, तेव्हापासून घरातलं मेजच वेदी झालं.

आता यजमानाच्या हाताकडे नीट पाहा. पेला आतून-बाहेरून विसळलेला, द्राक्षारसाने काठोकाठ भरलेला. तो दोन्ही हातांनी घेतला जातो, मग उजव्या तळव्यावर ठेवला जातो. बोटं खालून वर वळतात. ‘जोहर’ या यहुदी गूढविद्येच्या ग्रंथाच्या आरंभीच गुलाबाचा दृष्टान्त आहे: फुलाला पाच बळकट पानं तोलून धरतात, तशी आशीर्वादाच्या पेल्याला पाच बोटं. पेला म्हणजे शेखिना, माणसांत वसणारं ईश्वराचं सान्निध्य. ते वरून भरलं जातं, पण खालून कुणीतरी धरावं लागतं. घ्या, तुम्हीही धरून पाहा. काठापर्यंत भरलेला पेला धरायचा तर मन दुसरीकडे जाऊच शकत नाही.

लुरिया शिकवतात की सृष्टीच्या आरंभी दिव्य प्रकाश पेलण्याची पात्रं फुटली आणि ठिणग्या वस्तुमात्रात विखुरल्या. त्या वेचून वर न्यायचं काम माणसाचं. मला या शिकवणीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. देवाचं अडलेलं काम इथे पाव, पेला आणि हात यांच्यावर सोपवलेलं आहे.

पुढच्याच वर्षी, 1572 मध्ये, लुरिया साथीत गेले, अवघ्या 38 व्या वर्षी. त्यांनी स्वतः फार थोडं लिहिलं. शिकवण टिकली ती मुख्यतः शिष्य हायिम विताल यांच्या लेखणीमुळे. किद्दुशचा, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचा, हा पेला मात्र त्या शिकवणीहून कितीतरी जुना आणि घरोघरचा. कोकणातून आलेल्या आपल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या कुटुंबांतही तो शुक्रवारी उचलला जातो, आणि त्यात बहुधा काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत असतं.